ब्रिक्स मीटर आणि रुबी पोर्ट

पोर्ट म्हणजे पोर्तुगालची गोड, कडक वाइन. तिच्या खानदानात रुबी सगळ्यात धाकटी आणि सगळ्यात स्वस्त. तिच्या वर रिझर्व्ह, मग एलबीव्ही, म्हणजे उशिरा बाटलीत भरलेली (लेट बॉटल्ड व्हिंटेज), सगळ्यात वर व्हिंटेज. दुसऱ्या अंगाला दहा-वीस-चाळीस वर्षं पिंपात मुरलेल्या टॉनी. लिहिणारे बहुतेक या वरच्यांवरच लिहितात. रुबी मात्र सगळ्यात जास्त तयार होते आणि युरोपात दहा युरोच्या आगेमागे सहज मिळते. अशा स्वस्त रुबीत एकीत आणि दुसरीत फरक काय, तो पैशाचा की आणखी कशाचा, हे मला नीट बसून बघायचं होतं.

माझा धंदा बेदाण्याचा. सांगलीच्या मार्केट यार्डात अडतीच्या पेढीवर निम्मी हयात गेली. सौद्यात बॉक्स उघडला की मूठभर माल तळहातावर घ्यायचा, रंग बघायचा, वास घ्यायचा, दोन बोटांत दाबायचा, एक मणी दाताखाली तोडायचा आणि मग भाव बोलायचा. साखर, साल, आंबटपणा या गोष्टींवर इथे घरं चालतात. द्राक्षाच्याच गोडीवर उभी असलेली ही परदेशी वाइन आमच्या जिभेला कशी लागेल, याचं मला मनापासून कुतूहल होतं.

बाटल्या जमवणं हेच पहिलं मोठं काम. सांगलीत वाइन शॉपमध्ये पोर्ट मागितली तर देशी गोड लाल वाइन पुढ्यात येते. पोर्तुगालची बाटली दिसणं विरळा. आयात वाइनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क बसत आलं आहे आणि वर राज्याचे कर, म्हणजे तिथली स्वस्त बाटली इथे पोचेपर्यंत स्वस्त राहत नाही. सँडमनची रुबी पुण्यात आयात वाइन ठेवणाऱ्या एका दुकानात मिळाली. पुतण्या नेदरलँड्सला नोकरीला असतो. परदेशातून येणाऱ्याला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या बसतात. दिवाळीला येताना त्याने फोन्सेकाची बिन २७ आणली, आणि तिथल्या एका सुपरमार्केटची, दुकानाच्याच नावाने विकली जाणारी, फळीवरची सगळ्यात स्वस्त रुबी. कॉकबर्न्स स्पेशल रिझर्व्ह मेहुण्याने परदेश दौऱ्याहून परतताना विमानतळावर घेतली. पाचवी बाटली मुद्दाम देशी ठेवली, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या मनात पोर्ट म्हणजे तीच चव आहे. गोव्याचीही एक घ्यावी असं वाटलं होतं. पण गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही, म्हणून तो विचार सोडला. घरातल्या साठ्यासाठी उत्पादन शुल्क खात्याचा वर्षाचा परवाना काढून ठेवला होता. फी किरकोळ असते, काढून ठेवावा.

बिन २७ आणि कॉकबर्न्स या काटेकोरपणे बोलायचं तर रिझर्व्ह रुबी, साध्या रुबीच्या एक पायरी वरच्या. पण खिशाच्या हिशेबाने पायरी फार उंच नाही, म्हणून त्यांना पंगतीत घेतलं. बिन २७ हा फोन्सेका घराण्याने आधी स्वतःपुरता राखलेला माल, १९७२मध्ये बाजारात आला. कॉकबर्न्स स्पेशल रिझर्व्ह १९६९ची. सँडमन त्याहून फार जुनं घराणं, १७९०पासूनचं. काळा झगा आणि रुंद काठाची टोपी घातलेला तो त्यांचा माणूस १९२८पासून त्यांच्या बाटल्यांवर उभा आहे.

बाटल्या हातात आल्यावर मी आधी गळे तपासले. खऱ्या पोर्टच्या गळ्यावर कागदाची एक अरुंद पट्टी असते, तिच्यावर क्रमांक असतो. डोरू आणि पोर्तो वाइनच्या सरकारी संस्थेची ती मोहोर, संस्थेच्या तपासणीतून गेलेल्या मालालाच मिळते. सुपरमार्केटच्या बाटलीवरही ती होती. देशीवर अर्थातच नव्हती. दुसरी खूण बुचाची. रुबीचं बूच वरून प्लॅस्टिकच्या टोपीचं, हाताने उपसता येणारं. व्हिंटेजला पूर्ण आत ठोकलेलं लांब बूच असतं, कारण ती बाटलीत वर्षानुवर्षं पडून सुधारते. रुबी गाळूनच भरलेली असते, खाली गाळ बसत नाही, आणि बाटलीत ठेवून ती सुधारतही नाही. घेतली की उघडावी. तिच्यावर साल छापलेलं नसतं, कारण ती अनेक वर्षांच्या वाइनचं मिश्रण असते. त्यामुळे दुकानात ती किती दिवस धूळ खात पडली आहे हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा मुद्दा फार महत्त्वाचा. एप्रिल-मेमध्ये बंद दुकानात वाइनचं जे होतं ते बाटलीच्या बाहेरून दिसत नाही. जिथे आयात माल पटापट फिरतो आणि एसी चालू असतो, अशाच दुकानातून घ्यावी.

चाखायला बसलो ते जानेवारीत. कारण दोन. सांगलीत संध्याकाळी अंगावर शाल घ्यावी एवढी थंडी तेव्हाच असते, आणि फेब्रुवारीपासून शेडवर माल सुरू झाला की माझ्या माणसांना मान वर करायला फुरसत नसते. तासगावकडचे आबा आले. सोनाका आणि शरद सीडलेस द्राक्षांची बाग, सत्तरी ओलांडलेली, पण मण्यात पाणी उतरलं की नाही हे ते रस्त्यावरून जाता जाता सांगतात. मिरजेचे डॉक्टर आले. आणि रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आमचे सर आले, पिशवीत थर्मामीटर आणि मोजपात्रं घेऊन. जाताना कुणी गाडी चालवायची नाही हे आधीच ठरलं होतं. आबांचा मुलगा त्यांना न्यायला येणार होता.

बाटल्यांचे आकार एकमेकींपेक्षा वेगळे, सँडमनची तर लांबूनच ओळखू येते. कागद गुंडाळून भागणार नव्हतं. बायकोने पाच सारख्या काचेच्या बाटल्या धुऊन, वाळवून ठेवल्या होत्या. तिने आत नेऊन पाचही वाइन त्यांत ओतल्या आणि गळ्याला सुतळीने अ, ब, क, ड, इ अशा चिठ्ठ्या बांधल्या. कोणती कुठे हे एकटीला माहीत. ती स्वतः पीत नाही, पण आमच्या घरात नाक तिचं सगळ्यात तिखट आहे, म्हणून वास घ्यायला ती बसली. टेबलावर पांढरी चादर. साधे वाइनचे पेले, प्रत्येकात दोन-तीन घोट. पोर्टसाठी अंगठ्याएवढे पेले काढतात ते मला पटत नाही, वास कोंडायला वर रिकामी जागा लागते. मधे खायला बिनतुपाचा फुलका आणि पाणी. थुंकायला प्रत्येकापुढे स्टीलचा ग्लास. आबांना हे आधी रुचलं नाही, पण सरांनी सांगितलं, "आबा, यात वीस टक्के मद्यार्क आहे. पाच पेले गिळले तर सहाव्या मिनिटाला सगळ्याच छान लागतील." आबांनी ऐकलं.

तापमानावर मी अडून बसलो होतो. रुबी बारा ते सोळा अंशांत प्यावी. परदेशी पुस्तकातलं 'खोलीचं तापमान' म्हणजे त्यांच्या गार घरातलं. आपल्या घरात तीस अंशांवर ओतली की मद्यार्काचा भपका आधी नाकात जातो आणि फळ मागे राहतं. बाटल्या फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवल्या, सरांनी प्रत्येकीत थर्मामीटर बुडवला आणि पंधराला काटा आला तेव्हा ओतायला सांगितलं.

ओतता ओतता आबांनी विचारलं, हे करतात कसं? तेव्हा थोडं सांगावं लागलं. पोर्तुगालच्या उत्तरेला डोरू नदीचं खोरं, तिच्या डोंगरउतारांवर पायऱ्या कोरून लावलेल्या बागा, खाली पाटीसारखा थरांचा दगड, उन्हाळा आपल्या जतपेक्षा मवाळ म्हणता येणार नाही. तोरिगा नासियोनाल, तोरिगा फ्रांका, तिंता रोरिज अशा जाती, मणी बारीक, साल जाड, आत बिया. रस आंबवायला सुरुवात होते आणि दोन-तीन दिवसांत, साखरेतली साधारण निम्मी अजून शिल्लक असतानाच, त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात. चार भाग रसाला अंदाजे एक भाग. यीस्ट जागीच मरतं, साखर तशीच राहते, आणि मद्यार्क एकोणीस-वीसवर जाऊन थांबतो. म्हणजे पोर्टची गोडी बाहेरून घातलेली नसते, द्राक्षातली असते.

"म्हणजे रंग काढायला दोनच दिवस?" आबांनी लगेच नेमकं धरलं. बागाईतदाराची नजर. साध्या लाल वाइनला सालीसकट आठवडा-दोन आठवडे मिळतात. पोर्टला तेवढी सवड नाही, म्हणून साल पहिल्या दिवसापासून जोरात रगडावी लागते. पूर्वी ग्रॅनाइटच्या उथळ हौदांत माणसं तासन्‌तास पायांनी तुडवत, आजही काही ठिकाणी तुडवतात. साध्या रुबीसाठी ते काम यंत्रं करतात. किती नीट रगडलं, यावर पुढे बाटलीत काय सापडणार ते बरंचसं ठरतं. मग रुबी दोन-तीन वर्षं मोठ्या टाक्यांत ठेवतात, हवा कमीत कमी लागेल अशी, म्हणजे रंग आणि ताजेपणा टिकतो. टॉनी लहान पिंपांत ठेवतात, तिथे हवेशी गाठ पडते आणि रंग विटकरी होत जातो.

मी त्यांना १७५६चीही गोष्ट सांगितली, कारण ती आमच्या धंद्याला लागू पडते. इंग्लंडमध्ये मागणी वाढली तशी पोर्टमध्ये भेसळ सुरू झाली. रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरी नावाच्या झुडपाच्या काळ्या फळांचा रस घालू लागले. भाव कोसळले. तेव्हा पोर्तुगालचा मुख्य मंत्री मार्केस दे पोंबाल याने डोरूची हद्द आखून दिली, दगडी खुणा रोवल्या, आणि त्या हद्दीतली ती झुडपंच उपटायला लावली. सांगलीच्या बेदाण्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा यार्डात झालेल्या चर्चा मला आठवत होत्या. हद्द आखणं सोपं, हद्दीच्या आतल्या मालाची शुद्धता राखणं हे खरं काम.

तर चव. पहिला पेला अ. रंग लाल, तेजस्वी, कडेला गुलाबी. नाकाला जांभळाचा आणि पिकल्या आलुबुखारचा वास, मागे थोडी मिरी. तोंडात गोड येते, पण लगेच आंबूसपणा धावून येतो आणि गोडी पसरू देत नाही. गिळल्यावर (एक घोट तरी गिळावाच लागतो, शेवट कळत नाही एरवी) घशात ऊब, डंख नाही. डॉक्टर म्हणाले, "साधी आहे, पण कुठेही खोट नाही." मी वहीत तेच लिहिलं.

ब ला रंग फिका. वासात आधी स्पिरिट, मग फळ, तेही उकडलेलं, जॅमसारखं. जिभेवर सगळ्यात गोड हीच, असं चौघांचंही मत पडलं. पण मध्येच पोकळ. सुरुवातीला गोड, शेवटी तिखट, मधे काही नाही. आबा पेला हातात फिरवत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गोड हाय ओ. पर आंबट कुठं गेलं ह्यातलं?"

संध्याकाळभर आम्ही ज्या गोष्टीभोवती फिरत होतो ती आबांनी बोलून टाकली.

क ओतली आणि चादरीवर पेल्याची सावली जांभळी पडली. पेला तिरका धरून खाली बोट धरलं तर दिसेना एवढी गडद. वास हळू येतो, पण येतो तेव्हा काळ्या फळांचा, करवंदं आणि काळी द्राक्षं, मागे कडू चॉकलेट. बायको म्हणाली, आमसुलं भिजत घातल्यावर येतो तसला वास आहे. खरोखरच होता. तोंडात दाट, गोडी भरपूर, आणि तरीही चिकट नाही, कारण हिरड्यांवर तुरटपणा बसतो आणि दोन्ही बाजूंनी आंबट येतं. घोट गेल्यावरही फळ बराच वेळ मागे राहतं. कुणी काही बोलायच्या आत आबांनी पेला पुन्हा पुढे केला, एवढं पुरेसं होतं.

ड चा स्वभाव वेगळा. कडेला किंचित विटकरी झाक, लवंग-दालचिनी, सुकलेलं फळ, लाकडाची चाहूल. गोडी बेताची, शेवट कोरडा. साध्या रुबीपेक्षा ही जास्त काळ लाकडात राहिलेली असते, ते कळतं. सरांना हीच सगळ्यात आवडली. मला ती जेवणानंतरची वाटली, क जेवणाआधीही चालेल.

इ म्हणजे देशी हे नाकानेच कळलं. ताज्या द्राक्षाच्या रसाचा वास, हलकी, गोड, मद्यार्क कमी. आबांना ती ओळखीची वाटली आणि वाईट वाटली नाही. मीही वाईट म्हणणार नाही. मात्र तिला पोर्टच्या मोजमापाने मोजणं हा तिच्यावर आणि पोर्टवर दोघींवर अन्याय आहे. लेबलवरचा मद्यार्काचा आकडाच सांगतो की तिच्या आणि पोर्टच्या करण्याच्या रीतीत अंतर आहे. थंड करून, दुपारच्या जेवणाबरोबर, रसरशीत गोड वाइन म्हणून प्यावी. जुन्या पिढीत अशी वाइन अशक्त माणसाला 'रक्त वाढतं' म्हणून चमचा-चमचा देत. डॉक्टरांनी तिथल्या तिथे स्पष्ट सांगितलं, अशक्तपणा असेल तर हिमोग्लोबिन तपासा आणि लोहाच्या गोळ्या घ्या, वाइन हे औषध नव्हे. हे इथे लिहून ठेवतो, कारण हा समज अजून गेलेला नाही.

चिठ्ठ्या उघडल्या. अ सँडमन, ब सुपरमार्केटची, क बिन २७, ड कॉकबर्न्स. साधारण अपेक्षेप्रमाणेच क्रम लागला होता. पण आबांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. ब सगळ्यांना सर्वांत गोड लागली. म्हणजे तिच्यात साखर जास्त होती का?

आमच्याकडे याचं उत्तर प्रत्येक बागाईतदाराच्या खिशात असतं. आबांनी ब्रिक्स मीटर काढला, रसातली साखर मोजायचा. हातभर नाही, पेनाच्या डबीएवढी नळी, पुढे तिरपी काच. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, झाकण दाबायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. निळ्या आणि पांढऱ्याची सीमा जिथे येते तो आकडा. बेदाण्याला बावीसच्या पुढे गेल्याशिवाय आबा घड तोडत नाहीत. त्यांनी पोर्टचा थेंब टाकला आणि अठराच्या पुढचा आकडा वाचला. "एवढी?" सरांनी मान हलवली. मद्यार्कही उजेड वाकवतो, त्यामुळे वाइनवर हा मीटर सरळ लावला तर खऱ्या साखरेपेक्षा बराच जास्त आकडा येतो. ताज्या रसासाठी बनवलेलं हत्यार ते.

मग सरांनी रीत सांगितली. मोजून वाइन घ्यायची, स्टीलच्या वाटीत घालून ती वाटी गरम पाण्यात ठेवायची, निम्म्यावर येईपर्यंत आटवायची, म्हणजे मद्यार्क उडून जातो. गार झाल्यावर पाणी घालून पुन्हा पहिल्या मापापर्यंत आणायची, ढवळायची, आणि मग थेंब टाकायचा. हे आम्ही इंडक्शनवर केलं, खिडक्या उघड्या ठेवून. गॅसच्या ज्योतीवर करू नये, मद्यार्काची वाफ पेट घेते. घरभर मनुका शिजवल्याचा वास सुटला. आता सरांनी एकेक आकडा वाचला. चारही पोर्ट अकरा ते तेराच्या मधे. त्यांत ब सगळ्यात खाली. बिन २७ तिच्यापेक्षा पुरती एक रेघ वर. देशी मात्र सगळ्यांच्या वर, चौदाजवळ. मीटर साखरेबरोबर बाकीचे विरघळलेले पदार्थही मोजतो, तेव्हा हे आकडे अगदी साखरेचेच असं धरू नये. तुलनेला पुरेसे होते.

म्हणजे चौघांना सगळ्यात गोड लागलेली पोर्ट चारांत सगळ्यात कमी साखरेची निघाली.

आबांना याचं अजिबात नवल वाटलं नाही. खाण्याच्या द्राक्षाचा सौदा करणारा कुणीही हे जाणतो. निर्यातीच्या मालात नुसता ब्रिक्स बघत नाहीत, साखर आणि आम्ल यांचं गुणोत्तर बघतात. आम्ल पडलं की सोळाचं द्राक्ष वीसचं लागतं, आणि दोन मणी खाल्ल्यावर नको होतं. पण हे गणित वाइनला कसं लागू पडतं हे मी डोळ्यांनी पहिल्यांदा बघत होतो, आणि एक गोष्ट करून बघितल्याशिवाय राहवेना. लिंबूसत्वाचे दोन-चार खडे पाण्यात विरघळवले आणि त्याचे थेंब ब च्या पेल्यात टाकले. दोन थेंबांत काही नाही. आणखी दोन टाकले आणि वाइन जागची हलली. गोडी मागे सरली, उकडलेलं फळ जरा ताजं वाटू लागलं. स्पिरिटचा डंख आणि मधली पोकळी तशीच राहिली, ती पोकळी सालीतल्या ऐवजाने भरायची असते, थेंबाने भरून निघत नाही. डॉक्टरांनी तो पेला आणि मूळ ब चा पेला शेजारी ठेवून आलटून पालटून बराच वेळ चाखला. ही प्यायची रीत म्हणून सांगत नाही. गोड वाइनमध्ये आंबट काय काम करतं हे समजून घ्यायचं असेल तर याहून स्वस्त शाळा नाही.

तेव्हापासून रुबी निवडताना मी 'किती गोड आहे' हे विचारायचंच सोडलं. सगळ्या गोड असतात, साखरेत एकीत दुसरीत फारसं अंतर नसतं. घोट गेल्यावर तोंडाला पाणी सुटतं का, हिरड्यांवर थोडा तुरटपणा राहतो का, आणि ऊब छातीत उतरते की घशात टोचते, एवढं बघतो. दोन-चार युरो जास्त देऊन रिझर्व्हमध्ये जे मिळतं ते हेच, साल नीट रगडून काढलेला ऐवज. तिथे पैसे वाया जात नाहीत. साध्या रुबीतही ते मिळू शकतं, सँडमनने त्या संध्याकाळी दाखवून दिलं.

खाण्याबद्दल. भडंग ठेवला होता, कारण सांगलीत पाहुण्यांपुढे भडंग नाही असं होत नाही. पोर्टबरोबर तो जमत नाही. मिरचीवर वीस टक्के मद्यार्क म्हणजे आगीत तेल. अक्रोड, कडू चॉकलेट आणि खारट, वासाचं निळ्या बुरशीचं चीज यांबरोबर मात्र क आणि ड दोन्ही फुलल्या. इंग्रज लोक स्टिल्टन चीजबरोबर पोर्ट का घेतात ते कळलं, खारटामुळे फळ पुढे येतं. आमचा हिरवा बेदाणा शेजारी ठेवला तर वाइन आंबट लागते. काळा बेदाणा चालतो, पण चॉकलेटच्या तुकड्याबरोबर.

उरलेल्या बाटल्या बुचं लावून फ्रिजमध्ये ठेवल्या. आणखी एक गोष्ट बघायची होती, उघडल्यावर कोण किती टिकते. रुबी उघडी पडल्यावर आठवडा-दहा दिवसांतच संपवावी असं सांगतात, आणि ते बरोबर आहे. सँडमनचा ताजेपणा पहिले काही दिवस टिकला, मग जांभळाचा वास विरत गेला. बिन २७ सगळ्यात चिवट, तिचा तुरटपणा तिला धरून ठेवत होता. ब ला मात्र दुसऱ्या दिवशी बरं रूप आलं, स्पिरिटचा भपका उडाला होता. जास्त थंड करून, बर्फाचा एक खडा आणि संत्र्याची साल टाकून ती बायकोच्या मैत्रिणींनी आनंदाने संपवली. स्वस्त रुबीला अशी वागणूक दिली तर त्यात तिचा अपमान नाही.

आबा मात्र वेगळ्याच विचारात होते. पलूसला वाइन पार्क झालं तेव्हा आमच्याकडेही वाइनच्या जातींची चर्चा जोरात होती. २००८च्या सुमाराला मागणी बसली आणि महाराष्ट्रात अनेकांनी त्या बागा काढल्या किंवा त्यांवर खायच्या द्राक्षाची कलमं बांधली. आमचं थॉमसन आणि सोनाका बेदाण्याला सोन्यासारखं, पण पातळ सालीचं, बी नसलेलं, रंग नसलेलं. त्यातून रुबी होणार नाही, हे आबांना ड च्या पेल्यापर्यंत पोचायच्या आत पटलं होतं. त्यांचा प्रश्न पुढचा होता. जाड सालीची काळी जात, जतच्या कोरड्या हवेत, थोडी लवकर तोडून आंबटपणा राखला तर? सरांनी वही काढली आणि दोघं साखर-आम्लाचे आकडे मांडत बसले. मुलगा गाडी घेऊन दारात उभा होता, तरी आबा उठेनात.

पुतण्याला यादी गेली आहे. बिन २७ची एक, ग्रॅहम्सची सिक्स ग्रेप्स मिळाली तर तिच्याशी तुलना करायला, नाहीतर एखादी एलबीव्ही, चार ते सहा वर्षं लाकडात राहिलेली. आणि दुसऱ्या एखाद्या सुपरमार्केटची सगळ्यात स्वस्त रुबी परत एकदा, कारण एका दुकानाच्या बाटलीवरून सगळ्यांना नापास करायचं नाही. आबांनी निरोप दिला आहे की या वेळी मीटरबरोबर आम्ल मोजायचंही काहीतरी आणा. सरांनी ब्युरेट काढून पुसून ठेवली आहे.